काम नसलेल्या हातातलं पातं

सह्याद्रीत फिरायचं तर सोबत मोठा सुरा हवाच, हा आग्रह आमच्या नाशिकमध्ये आता रुळत चालला आहे. शनिवारी संध्याकाळी घोटीकडे निघालेल्या गाड्यांत एखाद्या तरी पोराच्या कंबरेला नऊ-दहा इंची पात्याचं म्यान लटकलेलं दिसतं. पात्याच्या पाठीवर करवतीचे दात, मुठीच्या पोकळीत काड्यापेटी आणि होकायंत्र. भंडारदऱ्याला तंबूत राहायला जाणारी मंडळी आता पाण्याच्या बाटलीआधी सुऱ्याची चौकशी करतात. माझ्या ओळखीच्या एका तरुण ट्रेकरने परवा या आग्रहाची बाजू माझ्यासमोर मुद्देसूद मांडली. मी त्याला तिथेच उत्तर दिलं, पण ते अपुरं होतं. आणि प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

त्याची बाजू अशी. एक, रानात पदोपदी काम निघतं: वाट मोकळी करायची, सरपण तोडायचं, आडोसा उभारायचा. लहान चाकूने यातलं काहीच होत नाही. दोन, रानात बिबट्या आहे, साप आहेत, रात्री-अपरात्री माणसंही भेटतात, तेव्हा हातात काहीतरी हवं. तीन, आपले पूर्वज याच डोंगरात पातं घेऊन वावरले आणि आजही प्रत्येक आदिवासीच्या कंबरेला कोयता असतो. मग आपण का नाही? चार, नऊ इंचांच्या आतलं पातं कायद्याला चालतं. पाच, हा छंद आहे, कुणाला त्याचा त्रास नाही.

यातला एकही मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मात्र पाचही मुद्दे तपासले की एकही टिकत नाही, असं माझं मत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मला पात्यांचं वावडं नाही. माझ्या घरी एकवीस पाती आहेत. घोटीच्या, हरसूलच्या, सुरगाण्याच्या आठवडे बाजारातून गेल्या पंचवीस वर्षांत एकेक करून आणलेली. त्यात ट्रकच्या पाट्यापासून घडवलेले कोयते आहेत, कोकणातली टोकाशी वळलेली कोयती आहे, तीन पिढ्या पाजळून पाजळून बोटभर रुंदीचा उरलेला एक विळा आहे. रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या घिसाडी कुटुंबासमोर मी तासन्‌तास उभा राहिलो आहे. बाई घण मारते, पुरुष सांडशीत लोखंड फिरवतो, पोरगं भाता हलवतं. तापून लाल झालेलं पातं पाण्यात बुडवायचा क्षण लोहार नुसत्या रंगावरून ओळखतो. क्षणभर उशीर झाला तर धार मऊ राहते, घाई झाली तर पातं काचेसारखं तडकतं. याला आपण ‘पाणी देणं’ म्हणतो, आणि माणसाच्या तेजालाही पाणी हाच शब्द वापरतो. पात्यावर जीव असल्यामुळेच मला हा लेख लिहावासा वाटला.

मराठीत ‘हत्यार’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. सुताराची पटाशी, रंधा, करवत ही त्याची हत्यारं. खंडेनवमीला घरोघरी पूजा होते ती याच हत्यारांची: विळा, कोयता, कुऱ्हाड, पान्हे, शिवणयंत्र. ‘शस्त्र’ हा शब्द मात्र कुणी पटाशीला लावत नाही. पातं तेच असतं. काम असलं की ते हत्यार, काम सुटलं की उरतं ते शस्त्र. ऊसतोडीच्या टोळीत तर कोयता हे माणसं मोजण्याचं माप आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, टोळी मोजतो तीही कोयत्यांवर. म्हणजे आपल्या भाषेत कोयता हे दोन माणसांच्या सहा महिन्यांच्या घामाचं नाव आहे. माझं सगळं म्हणणं या एका फरकावर उभं आहे. पातं किती लांब आहे यापेक्षा ते धरणाऱ्या हाताला काय काम आहे, हा प्रश्न मोठा. आणि ट्रेकला निघालेल्या आपल्यासारख्यांच्या हाताला मोठ्या पात्याचं काम नसतं.

आता कामाचाच मुद्दा घेऊ. मोठं पातं जगात कुठे जन्मलं, हे पाहिलं की ते कशासाठी जन्मलं तेही कळतं. दक्षिण अमेरिकेतला मशेटी उसाच्या फडासाठी आणि एका रात्रीत वाट गिळणाऱ्या वर्षावनासाठी आहे. मलायातला पारांग तसाच. नेपाळची खुकरी घरकामापासून लढाईपर्यंत सगळीकडे चालते, कारण ती डोंगरातल्या शेतकऱ्याची रोजची सोबतीण आहे. उत्तर युरोपातल्या सामी लोकांचा लेउकू हा मोठा सुराही खराच. पण तो बर्फात रेनडिअर पाळणाऱ्यांचा आहे, जिथे रात्री सरपण फोडता आलं नाही तर माणूस गोठून मरतो. त्याच उत्तरेत फिनलंडचा पुक्को आणि स्वीडनच्या मोरा गावचा चाकू प्रसिद्ध आहेत, आणि त्यांचं पातं साधारण तळहाताच्या रुंदीएवढं, दहा सेंटिमीटरच्या आसपास असतं. कॅनडातल्या थंड रानात आयुष्यभर जगण्याची विद्या शिकवणारे मॉर्स कोचान्स्की हेही लहान मोराचेच पुरस्कर्ते होते. मग पोकळ मुठीचा, करवती पाठीचा अवाढव्य सुरा आला कुठून? तो गाजला १९८२ च्या ‘फर्स्ट ब्लड’ या चित्रपटामुळे. सिल्वेस्टर स्टॅलोनच्या हातात तो दिसला आणि जगभर त्याच्या नकला निघाल्या. पोलिसांनी पाठलाग केलेल्या एका काल्पनिक सैनिकाची ती गरज होती. घोटीच्या बसमधल्या पोराची गरज ती कशी होईल?

आपला डोंगर निराळा आहे. साल्हेर, धोडप, हरिहर, अंजनेरी, अलंग, कुलंग यांच्या माथ्यावर आहे तो कातळ आणि गवत. खाली पानझडी आणि निमसदाहरित रान, उतारांवर कारवी. या रानात वाट ‘काढायची’ नसते, कारण वाटा शेकडो वर्षं तिथे आहेत. गुराख्यांनी, मोळीविक्यांनी, बाजाराला जाणाऱ्या बायकांनी त्या मळवलेल्या आहेत. वाट चुकलेला माणूस कारवी छाटत पुढे गेला तर आणखी चुकतो आणि बहुतेकदा कड्यावर जाऊन थांबतो. अशा वेळी मागे फिरून शेवटची ओळखीची खूण गाठणं हा एकमेव शहाणपणा आहे, आणि त्याला पातं लागत नाही. शिवाय कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मग मरते. सहाव्या वर्षी तुम्ही छाटलेली कारवी फुलणार नाही, तिचं बी पडणार नाही, त्या बहरावर जगणाऱ्या मधमाश्यांना तेवढा मध मिळणार नाही. एका फटक्यात आपण काय तोडलं हे तोडणाऱ्याला कळतही नाही.

सरपणाचं तेच. दीड दिवसाच्या ट्रेकला शेकोटी ही चैन आहे. नाशिकच्या डोंगरात डिसेंबरातही रात्र गोधडीत निभते. स्वयंपाकाला लहान गॅस शेगडी पुरते, आणि चहापुरत्या काटक्या हाताने वेचता येतात. सुरा लागतो तो उभं झाड तोडायला, आणि तिथेच घात आहे. ओलं लाकूड नीट जळत नाही, धूर करतं. म्हणून आणखी तोडलं जातं. मागे राहिलेला निखारा फेब्रुवारी ते मे या काळात सुकलेल्या गवतात पडला की वणवा. अंजनेरी हे २०१७ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. त्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात उगवते. २००६ साली तिची शास्त्रीय नोंद झाली आणि तिला अंजनेरीचंच नाव मिळालं. तिचा कंद बोटभर मातीत असतो. वन्यजीव कायद्यातली आग लावण्याची बंदी संवर्धन राखीव क्षेत्रालाही लागू आहे. म्हणजे तिथे शेकोटी पेटवली की रानाचं नुकसान होतंच, वर गुन्हाही घडू शकतो.

भंडारदऱ्याकडे मेअखेरीस काजवे पाहायला हजारो लोक जातात. काजवे लगडतात ते हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा जुन्या झाडांवर. त्याच झाडांच्या फांद्या तंबूशेजारच्या शेकोटीत घालायच्या आणि पुढच्या वर्षी ‘काजवे कमी झाले’ म्हणून हळहळायचं, याला काय अर्थ आहे? २०२५ च्या अखेरीस तपोवनातली झाडं कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तोडू नयेत म्हणून नाशिककर एकवटले. मीही त्यात होतो, आणि मला त्या गर्दीचा अभिमान आहे. पण शहरातल्या झाडासाठी घसा कोरडा करणाऱ्या आपल्याच मुलांनी रविवारी रानातलं झाड नुसतं धार तपासायला तोडावं, ही विसंगती मला सलते. रानातलं झाड तोडायला हरकत घेणारं कुणी नसतं, म्हणून ते आपल्याकडे जास्त सोपवलेलं आहे.

एक रात्र मी विसरू शकत नाही. इगतपुरीच्या रांगेतल्या एका गडावर दसऱ्यानंतर आमचा मुक्काम होता. गटातल्या एका कॉलेजच्या मुलाने नवाकोरा मोठा सुरा आणला होता. अंधार पडायच्या बेताला तो शेकोटीसाठी हिरवी फांदी तोडायला लागला. फटका समोरून, सरळ पात्याचा, आणि पाय फांदीच्या रेषेत. तिसऱ्या फटक्याला पातं लाकडावरून निसटलं आणि नडगीत शिरलं. हाड दिसत होतं. गावातले एक वयस्क वाटाडे आमच्यासोबत होते. त्यांनी आपला फेटा सोडला, जखमेवर घट्ट दाबून धरला आणि मुलाला आडवं केलं. मग कंबरेच्या आकडीतून कोयता काढला, वाळून उभे राहिलेले दोन सोट शोधून चार-चार फटक्यांत पाडले आणि घोंगडीची डोली बांधली. पायथ्याला पोहोचायला आम्हाला सारी रात्र लागली. वाटेत ते मला एवढंच म्हणाले, “भाऊ, वल्लं लाकूड आसं सामोरून नाय तोडायचं. पातं परतून येतं.”

त्या एका वाक्यात कोयत्याचं सगळं शास्त्र आहे. कोयत्याचं पातं आतल्या बाजूला वळलेलं असतं. फटका बसला की फांदी त्या बाकात अडकते, धार तिला आपल्याकडे ओढून घेते, निसटू देत नाही. वजन टोकाकडे असतं, म्हणून मनगटाला जोर लावावा लागत नाही. तोडणारा फांदीच्या रेषेत कधीच उभा राहत नाही, तो बाजूला असतो आणि घाव तिरका घालतो. हे सगळं शरीरात भिनायला लहानपणापासून गवत, राब, कुंपणाचे काटे तोडावे लागतात. सरळ पात्याचा जड सुरा यातलं काहीच माफ करत नाही. तो दमलेल्या, भुकेल्या, अंधारात घाई करणाऱ्या शहरी हातात येतो आणि दवाखाना चार तास दूर असतो. त्या मुलाचा पाय वाचला. घाव आणखी वर, मांडीच्या आतल्या बाजूला बसला असता, तर तिथली मोठी रक्तवाहिनी तुटून तो डोलीत निजायच्या आधीच गेला असता. ‘काम निघतं म्हणून सुरा’ म्हणणाऱ्यांनी हे मनात ठेवावं: त्या रात्री निघालेलं सगळ्यात मोठं काम सुऱ्यानेच निर्माण केलं होतं.

दुसरा मुद्दा संरक्षणाचा. बिबट्या नाशिक जिल्ह्यात आहे, आणि तो गडांपेक्षा निफाड, सिन्नर, दिंडोरीच्या उसात जास्त आहे. तो हल्ला करतो तो बहुधा वाकलेल्या, बसलेल्या, एकट्या माणसावर किंवा लहान मुलावर, आणि मागून. म्यानाचं बटण उघडेपर्यंत सगळं संपलेलं असतं. गटाने चालणं, अंधारात मोठी बॅटरी आणि बोलत राहणं, मुक्कामाजवळ उष्टं-खरकटं न टाकणं यांनी बिबट्या दूर राहतो. सापाच्या बाबतीत तर सुरा उघड घातक आहे. अनेक जातींचे साप मारणं हा गुन्हा आहेच, पण दंशावर चीर देऊन विष ‘काढण्याची’ जुनी समजूत अजून जिवंत आहे. चीर दिल्याने विष निघत नाही. उलट घोणस किंवा फुरशाच्या विषाने रक्त गोठणं बिघडलेलं असताना आपणच न थांबणारी जखम करून ठेवतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर चालणारं प्रतिविष रुग्णालयात मिळतं. दंश झालेला भाग न हलवता माणसाला तिथवर पोहोचवणं हाच उपचार. राहिली माणसं. गडाच्या पायथ्याची माणसं तुम्हाला पाणी देतात, वाट दाखवतात, पडवीत झोपू देतात. त्यांच्या दारात कंबरेला सुरा लावून जाणं म्हणजे यजमानाचा अपमान आहे. दारू पिऊन भांडणाऱ्या पर्यटकांची भीती असेल, तर त्या भांडणात एक सुरा वाढवून कुणाचा जीव वाचणार आहे?

सह्याद्रीत माणसं मरतात ती कशाने, हे दर पावसाळ्यात बातम्यांतून दिसतं. ओल्या कातळावरून पाय घसरतो, ओढ्याला अचानक लोंढा येतो, धबधब्यात उतरण्याचा मोह होतो. उन्हाळ्यात पाणी संपतं. कड्यावरचं आग्यामोहळ उठतं, आणि तेही बहुधा धुरामुळे किंवा गोंगाटामुळे. या यादीत असं एकही संकट नाही ज्यावर दहा इंची पातं उपाय ठरेल. त्या म्यानाच्या वजनात आणखी अर्धा लिटर पाणी, एक शिट्टी आणि प्रथमोपचाराची पिशवी आरामात बसते.

तिसरा मुद्दा परंपरेचा, आणि तो मला सगळ्यात जिव्हाळ्याचा. आपल्या बागलाणातल्या साल्हेरच्या पायथ्याशी १६७२ साली मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानात हरवलं. तो साल्हेर जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आला. त्या लढाईतल्या मावळ्याच्या हातात शस्त्र होतं, कारण त्याच्यावर राज्य राखण्याचं काम होतं. आपण त्याच्या गडावर पाहुणे म्हणून जातो. त्याची आठवण जपायची तर टाक्यातला गाळ काढावा, बुरुजावर उगवलेलं झुडूप जाणकारांना विचारून हटवावं, तटावर नाव कोरणाऱ्याचा हात धरावा. गडाच्या दगडांवर कोरलेली बदामं आणि नावं कुठल्या हत्याराने कोरली जातात, हे वेगळं सांगायला नको. आणि पेठ-सुरगाण्याच्या कोकणा, वारली, महादेव कोळी माणसाच्या कंबरेचा कोयता? तो सकाळी गवत कापतो, दुपारी कुंपण घालतो, उन्हाळ्यात राबासाठी फांद्या छाटतो. छाटतानाही झाड जिवंत राहील, पुढच्या वर्षी पुन्हा फुटेल, इतकंच छाटायचं हे त्या माणसाला ठाऊक असतं. त्या कोयत्याची बरोबरी आपल्याला सांगायची असेल, तर आधी त्याच्या कामाची बरोबरी करावी लागेल.

चौथा मुद्दा कायद्याचा. यातला गैरसमज सगळ्यात धोकादायक आहे. नऊ इंच हा आकडा येतो तो शस्त्र नियमांच्या अनुसूचीतून. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची तलवार, खंजीर, सुरा, खुकरी अशी धारदार शस्त्रं तिथे नोंदलेली आहेत. त्यातून वगळली आहेत ती घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी घडवलेली हत्यारं. नीट पाहा, १९५९ चा शस्त्र कायदा लांबी मोजतो, पण त्याआधी उद्देश विचारतो. शेतकऱ्याचा कोयता रुंद असूनही सुटतो, कारण तो शेतीसाठी घडला. लढाऊ सुऱ्याची नक्कल करून बनवलेलं पातं ‘कॅम्पिंगसाठी’ म्हणून विकलं, तरी त्याला ती सूट आपोआप मिळत नाही. आपली भाषा हत्यार आणि शस्त्र यांत जो फरक करते, तोच फरक कायद्यानेही केला आहे.

आणि नऊ इंचांच्या आत म्हणजे मोकळं रान, हेही खरं नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी शस्त्रबंदीचा आदेश काढू शकतात. त्यात चाकू आणि काठ्यासुद्धा येतात, आणि लांबीची अट नसते. सण, निवडणुका, मोर्चे यांच्या काळात असे आदेश आपल्याकडे वरचेवर निघतात. त्याहून महत्त्वाचा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्याच्या कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही, आणि त्या कायद्याने केलेल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकू नावानिशी आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासून अभयारण्य आहे. कळसूबाई, रतनगड, भंडारदरा, सांदण दरी ही नाशिककर ट्रेकरची आवडती ठिकाणं त्याच परिसरातली. म्हणजे जिथे सुरा मिरवायला आपण सगळ्यात जास्त जातो, तिथेच तो नेण्याची मनाई सगळ्यात कडक आहे. राखीव वनात झाड तोडणं किंवा त्याची फांदी छाटणं हा तर १९२७ च्या वन कायद्यानुसार गुन्हाच.

यावर त्या तरुण ट्रेकरचं म्हणणं होतं की निःशस्त्रीकरण ही इंग्रजांची देणगी आहे. त्यात तथ्य आहे. लिटनच्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याची सक्ती केली आणि गोऱ्याला सूट दिली. त्या अपमानाविरुद्ध आपल्या पुढाऱ्यांनी आवाज उठवला तो योग्यच होता. पण तो आवाज होता भेदभावाविरुद्ध, समान नागरिकत्वासाठी. आजचा कायदा आपल्या संसदेने केला आहे आणि तो सर्वांना सारखा आहे. की खरंच सारखा आहे? या प्रश्नाने मी माझ्या शेवटच्या आणि मला सर्वांत महत्त्वाच्या वाटणाऱ्या मुद्द्याकडे येतो.

‘छंदाचा कुणाला त्रास नाही’ हे विधान खोटं आहे. गेल्या काही वर्षांत ‘कोयता’ म्हटलं की लोकांना टोळी आठवते. पुण्यात कोयते नाचवून गाड्या फोडणाऱ्या पोरांच्या बातम्या आल्या, आणि २०२३ च्या सुरुवातीला तिथे कोयता विकत घेणाऱ्याकडून आधार कार्ड घेण्याची सूचना पोलिसांनी दुकानदारांना केली. नाशिकच्या वस्त्यांनीही ही दहशत पाहिली आहे. पोलिसांनी कडक व्हायलाच हवं. पण कडकपणाची झळ कुणाला बसते ते पाहा. मोठं पातं मिरवण्याची जितकी हौस वाढेल, तितकी तपासणी वाढेल. त्या तपासणीत चारचाकीतून जाणारा, इंग्रजीत बोलणारा, ‘ट्रेकिंगसाठी आहे साहेब’ म्हणणारा मुलगा सुटेल. अडकेल तो एसटीच्या टपावर सरपणाची मोळी टाकून, पिशवीत कोयता घेऊन बाजाराहून परतणारा हरसूलचा म्हातारा. अडकेल ते पालातलं घिसाडी कुटुंब, ज्याच्या पालापुढे सगळी चीजवस्तू म्हणून बारा कोयते मांडलेले असतात. ज्यांच्या पोटाचा प्रश्न आहे त्यांच्या हत्याराला शस्त्र ठरवण्याचं काम गुन्हेगार करतातच. आपण हौसेपायी त्यात भर घालतो आहोत.

म्हणून, ज्यांना पात्यांची खरी ओढ आहे त्यांना माझी विनंती आहे. संग्रह जरूर करा, पण तो घडवणाऱ्याला धरून करा. परदेशी नकलेवर पाच हजार घालण्यापेक्षा आठवडे बाजारात लोहाराशेजारी उकिडवे बसा. हे पातं कशाचं, याला बाक इतकाच का, मूठ कुठल्या लाकडाची, हे विचारा आणि लिहून ठेवा. घाटावरचा कोयता आणि कोकणातला कोयता वेगळा का, हे पिकावरून आणि झाडावरून उलगडत जातं. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते आणि दिवे यांसारख्या रोजच्या वस्तू गोळा करून अख्खं संग्रहालय उभं केलं. कोयत्यांची, विळ्यांची, खुरप्यांची तशी नोंद आपल्या जिल्ह्यात व्हायला हवी, कारण ती घडवणारे हात कमी होत चालले आहेत. पातं तेल लावून घरात ठेवा, मळ्यात वापरा, खंडेनवमीला पुजा. ट्रेकला मात्र कांदा-काकडी चिरायला आणि दोरी कापायला लागणारा, मिटणारा लहान चाकू खूप झाला. अभयारण्यात जाताना तोही घरी ठेवा. कांदा आधीच चिरून डब्यात नेता येतो.

आणि ज्या वाटेवर खरोखर कोयत्याची गरज वाटते, तिथे गावातला वाटाड्या सोबत घ्या. त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. सुऱ्याच्या किमतीत अशा दहा वाटा होतील. त्या रात्री गडावर दोन पाती होती. एकाने जखम केली, दुसऱ्याने डोली बांधली. दोन्ही पोलादच होतं, आणि धारही जवळपास सारखीच असेल. फरक एवढाच की एका हाताला काय तोडायचं हे ठाऊक होतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय तोडायचं नाही तेही ठाऊक होतं. पायथ्याशी पोहोचल्यावर त्या वाटाड्यांनी कोयता पाण्याने धुतला, धोतराला पुसला, आकडीत खोचला आणि म्हशींना गवत आणायला शेताकडे निघून गेले. तेव्हा उजाडत होतं.